कॉम्प्युटर व्हिजनचा अभ्यास: फोटोतल्या आकड्यांपासून बीईच्या प्रोजेक्टपर्यंत

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात कॉम्प्युटर व्हिजन (फोटो-व्हिडिओत काय आहे ते संगणकाला ओळखायला लावण्याचं शास्त्र) बहुतेकांच्या वाट्याला इलेक्टिव्ह म्हणून येतं आणि तेही उलट्या टोकाने. आधी योलो या वस्तू शोधणाऱ्या नेटवर्कचं तयार मॉडेल डाउनलोड करायचं, हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या दुचाकीस्वारांभोवती चौकटी काढून दाखवायच्या आणि मग रिपोर्ट लिहायला बसायचं. तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) विचारतात, "ही चौकट बरोबर आली हे कशावरून ठरवलंत?" आणि ग्रुपमधले चौघंही एकमेकांकडे बघत राहतात. मुलं हुशार असतात. विषय त्यांच्यापुढे शेवटाकडून आलेला असतो, एवढंच.

हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. एका सेमिस्टरच्या पंधरा-सोळा आठवड्यांत, कॉलेजचे बाकीचे विषय सांभाळून करता येईल असा हा अभ्यास आहे. त्यामागचं माझं म्हणणं एकच आहे: या विषयातली प्रत्येक महत्त्वाची क्रिया एकदा तरी स्वतःच्या हाताने, छोट्या आकड्यांवर करून बघा आणि मगच लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरा. आणि मॉडेलने काय उत्तर दिलं यापेक्षा ते कुठे चुकलं, हे डोळ्यांनी बघायची सवय लावून घ्या.

विषय वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, हेही आधीच माहीत असू द्या. १९६६ साली एमआयटीमध्ये सेमर पॅपर्ट यांनी उन्हाळी सुट्टीपुरता एक प्रकल्प आखला होता. कॅमेऱ्यासमोरच्या वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेचा मोठा भाग एका उन्हाळ्यात उभा राहील, अशी त्यात अपेक्षा होती. तिथे मांडलेल्या प्रश्नांवर आजही पीएचड्या होत आहेत. तेव्हा पहिल्या महिन्यात काही कळत नाहीये असं वाटलं, तर घाबरून विषय सोडू नका.

गणित: एम-वनची (पहिल्या वर्षाच्या गणिताची) वही पुन्हा काढा

सगळं गणित आधी पक्कं करून मग व्हिजनकडे वळू, असं म्हणणारे बहुधा वळतच नाहीत. दोन आठवडे द्या, पण नेमक्या गोष्टींना द्या.

लिनिअर अल्जिब्रामधून मॅट्रिक्सचा गुणाकार, आयगेन व्हॅल्यू आणि आयगेन व्हेक्टर, लीस्ट स्क्वेअर्स आणि एसव्हीडी (सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन, म्हणजे एका मॅट्रिक्सची तीन सोप्या मॅट्रिक्समध्ये फोड). कॅल्क्युलसमधून पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि चेन रूल. प्रॉबॅबिलिटीमधून बेजचा नियम आणि गॉसियन. सुरुवातीला इतकं पुरतं. फूरिये ट्रान्सफॉर्म ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) मुलांना येत असतो. कॉम्प्युटरच्या मुलांनी तो फिल्टरच्या टप्प्यावर शिकला तरी चालतं.

यातलं एसव्हीडी सोडून पुढे जाऊ नका. कॅमेरा कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ वगैरे मापं काढणं), दोन फोटो जोडणं, दोन कॅमेऱ्यांवरून वस्तूचं अंतर काढणं, या सगळ्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: समीकरणं गरजेपेक्षा जास्त आहेत, प्रत्येकात थोडी चूक आहे, तर त्यातल्या त्यात बरं उत्तर कोणतं? त्याचं उत्तर बहुतेक वेळा एसव्हीडीतल्या V या मॅट्रिक्सच्या शेवटच्या स्तंभात असतं. नमपायमध्ये (पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत) ती एका ओळीची आज्ञा आहे, पण ३ बाय ३ ची दोन-तीन उदाहरणं कागदावर सोडवलेली असली की पुढची भूमिती परकी वाटत नाही.

फोटो म्हणजे काय, हे आकड्यांत बघा

आपल्या फोनने काढलेला एक फोटो उघडा, त्यातला १० बाय १० चा तुकडा कापा आणि त्याचे आकडे छापून समोर ठेवा. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, अधलेमधले आकडे म्हणजे करड्या छटा. रंगीत फोटोत असे तीन थर. भिंतीचा सपाट दिसणारा भाग निवडलात तरी आकडे १४२, १४५, १४१ असे हलताना दिसतील. तो सेन्सरचा नॉइज. पुढच्या निम्म्या पद्धती त्याच्याशी झगडण्यासाठीच आहेत.

इथेच दोन सापळे समजून घ्या, कारण त्यात पुढे अख्ख्या रात्री जातात. पहिला: ओपनसीव्ही ही व्हिजनची लायब्ररी फोटो वाचताना रंग निळा, हिरवा, लाल या क्रमाने ठेवते. चित्रं दाखवणाऱ्या मॅटप्लॉटलिबला मात्र लाल, हिरवा, निळा असा क्रम लागतो. क्रम बदलायचा राहिला, तर टोमॅटो निळे दिसतात. दुसरा सापळा याहून वाईट, कारण तो दिसत नाही. आठ बिटांच्या आकड्यांत नमपायने २५० मध्ये १० मिळवले की उत्तर येतं ४, कारण २५५ नंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ओपनसीव्हीची बेरीज तेच उत्तर २५५ वर अडवते. प्रोग्रॅम चालतो, कुठेही एरर येत नाही आणि फोटोच्या उजळ भागात काळे डाग पडतात. कुठलीही आकडेमोड करण्याआधी फोटो फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) बदलून घ्यायचा, ही सवय पहिल्याच आठवड्यात लागली पाहिजे.

फिल्टर आणि कडा: एक उदाहरण हाताने

आता कागद घ्या. एक छोटी प्रतिमा काढा: डावीकडचे तीन स्तंभ १० चे, उजवीकडचे तीन २०० चे. म्हणजे काळोखातून उजेडाकडे जाणारी एक उभी कड. तिच्यावर सोबेलचा आडव्या दिशेचा फिल्टर फिरवा, म्हणजे ३ बाय ३ आकड्यांची जाळी एकेका पिक्सेलवर ठेवून खालच्या आकड्यांना गुणायचं आणि बेरीज घ्यायची. त्याच्या ओळी आहेत −१, ०, १. मग −२, ०, २. मग पुन्हा −१, ०, १.

सपाट भागात उत्तर शून्य येतं, कारण डावी-उजवी बाजू सारखीच असते. कडेवर मात्र फरक १९० चा आहे आणि वजनांची बेरीज ४, म्हणून उत्तर ७६०. ते तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही स्तंभांत येतं. म्हणजे एका कडेची दोन पिक्सेल जाड रेघ झाली. आता तीच प्रतिमा उलटी करा, उजेडातून काळोखाकडे. उत्तर येईल −७६०.

हे दोन आकडे नीट बघा. उत्तर आठ बिटांतच साठवायला सांगितलं असेल, तर ७६० चे २५५ होतात आणि −७६० चा शून्य होतो. म्हणजे खिडकीची डावी कड दिसते आणि उजवी गायब! अर्ध्या कडा कुठे गेल्या म्हणून थ्रेशोल्ड (किती आकड्यापुढे कड मानायची ती मर्यादा) बदलत बसलेले विद्यार्थी प्रत्येक बॅचला असतात. ज्याने कागदावर −७६० लिहिलेले असतात, त्याला कारण चटकन सापडतं.

कड जाड का येते हे दिसलं की जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत पाठ करावी लागत नाही. आधी गॉसियन फिल्टरने चित्र जरा धूसर करून नॉइज खाली आणायचा, मग ग्रेडियंट (उजेड कुठल्या दिशेला किती बदलतो ते) काढायचा, मग ग्रेडियंटच्या दिशेने बघून फक्त शिखरावरचा पिक्सेल ठेवायचा आणि शेवटी दोन थ्रेशोल्ड लावून पक्क्या कडांना चिकटलेल्या कच्च्या कडा वाचवायच्या. चारही पायऱ्या नमपायमध्ये स्वतः लिहा. ओपनसीव्हीच्या उत्तराशी तंतोतंत जुळणार नाही, पण बरंच जवळ जाईल. फरक कुठे पडला ते शोधणं हाच त्या आठवड्याचा गृहपाठ समजा.

कडेनंतर कोपरा. हॅरिस आणि स्टीफन्स यांची १९८८ ची पद्धत इथे घ्यायची. एम-वनमधल्या आयगेन व्हॅल्यू कशाला शिकलो, हे इथे कळतं. छोट्या खिडकीतल्या ग्रेडियंटांचं २ बाय २ चं मॅट्रिक्स बनवायचं. दोन्ही आयगेन व्हॅल्यू लहान असतील तर सपाट जागा, एक मोठी आणि एक लहान असेल तर कड, दोन्ही मोठ्या असतील तर कोपरा. त्यापुढे डेव्हिड लो यांचं सिफ्ट. फोटो लहान-मोठा केला, फिरवला तरी तोच बिंदू पुन्हा ओळखू येण्याची सोय त्यात आहे. सिफ्ट स्वतः लिहायला जाऊ नका, वेळ पुरणार नाही. ते वाचा, समजून घ्या आणि वापरा.

भूमिती: इथे घाई करू नका

बरेच जण हा भाग टाळून थेट न्यूरल नेटवर्ककडे (उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या मॉडेलकडे) जातात. माझ्या मते या विषयाचं खरं शहाणपण भूमितीत आहे, म्हणून तिला पूर्ण तीन आठवडे द्या.

सुरुवात पिनहोल कॅमेऱ्याच्या एका सूत्राने होते: फोटोतली लांबी म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले खरी लांबी, भागिले अंतर. फोकल लेंग्थ पिक्सेलमध्ये ३००० असेल, तर दीड मीटरवर धरलेली ३० सेंटीमीटरची पट्टी फोटोत ६०० पिक्सेल भरते. तीन मीटरवरची ६० सेंटीमीटरची पट्टीही ६०० च भरते. एका फोटोवरून या दोघींतला फरक सांगता येत नाही, कारण फोटो काढताना अंतराची माहिती नाहीशी होते. ती परत कशी मिळवायची, याच्याच नाना तऱ्हा पुढच्या प्रकरणांत भेटतात.

आता स्वतःच्या फोनचं कॅलिब्रेशन करा. बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना ए-फोर कागदावर छापा आणि काचेवर किंवा प्लायवूडवर सपाट चिकटवा. कागद जरा फुगलेला असला तरी उत्तर बिघडतं. मग वेगवेगळ्या कोनांतून पंधरा-वीस फोटो काढा. पट समोरून सरळ धरलेलेच सगळे फोटो असतील तर उपयोग नाही. तो डावीकडे, उजवीकडे, मागे-पुढे कलला पाहिजे आणि फोटोच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोचला पाहिजे. फोनचा ऑटोफोकस लॉक करा, झूमला हात लावू नका आणि फोन मधेच दुसऱ्या लेन्सवर जात नाही ना, तेही बघा. झेंगयू झांग यांनी २००० साली मांडलेली ही पद्धत ओपनसीव्हीत तयार आहे. शेवटी मिळणारी रीप्रोजेक्शन एरर (काढलेल्या मापांवरून पटाचे कोपरे जिथे यायला हवेत आणि फोटोत जिथे आहेत, त्यातला फरक) एका पिक्सेलच्या आत आली पाहिजे, अर्ध्याच्या आसपास आली तर उत्तम. जास्त येत असेल तर प्रत्येक फोटोची एरर वेगळी छापा. बहुतेक वेळा एक-दोन हललेले फोटोच दोषी असतात.

आकडे मिळाले म्हणजे काम संपलं असं समजू नका. एक पट्टी मोजलेल्या अंतरावर धरून फोटो काढा, वरच्या सूत्राने तिची लांबी किती पिक्सेल यायला हवी ते आधी कागदावर काढा आणि मग फोटोत मोजा. स्वतःचं गणित असं प्रत्यक्षाशी जुळलेलं बघण्याचा आनंद कुठल्याही ॲक्युरसीच्या आकड्यात नाही.

त्यानंतर पॅनोरमा. खिडकीत एका जागी उभं राहून, फोन फक्त फिरवून, एकमेकांवर थोडे चढणारे दोन फोटो घ्या. पाऊल हलवायचं नाही. हललात तर जवळचं झाड आणि लांबची इमारत वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात आणि एकाच होमोग्राफीत (एका फोटोतले बिंदू दुसऱ्यावर नेणाऱ्या ३ बाय ३ मॅट्रिक्समध्ये) दोन्ही बसत नाहीत. हाच प्रयोग मुद्दाम पाऊल टाकूनही करा. जोड कुठे फाटतो ते बघितलं की होमोग्राफी केव्हा चालते आणि केव्हा नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

होमोग्राफीला बिंदूंच्या चार जोड्या पुरतात, पण सिफ्टने जुळवलेल्या जोड्यांत चुकीच्या खूप असतात. तिथे फिशलर आणि बोल्स यांचं १९८१ चं रॅन्सॅक येतं: कुठल्याही चार जोड्या उचला, त्यांवरून उत्तर काढा, बाकीच्या किती जोड्या त्याला दुजोरा देतात ते मोजा आणि हे पुन्हा पुन्हा करा. किती वेळा? निम्म्या जोड्या बरोबर असतील तर चारही बरोबर निघण्याची शक्यता सोळात एक. ९९ टक्के खात्रीसाठी ७२ फेऱ्या लागतात. बरोबर जोड्या फक्त ३० टक्के असतील तर फेऱ्या साडेपाचशेच्या वर जातात. हा हिशोब स्वतः मांडा, परीक्षेत हमखास येतो.

स्टिरिओचंही (दोन कॅमेऱ्यांवरून अंतर काढण्याचंही) एकच उदाहरण पुरे. दोन कॅमेऱ्यांत १२ सेंटीमीटर अंतर आणि फोकल लेंग्थ ७०० पिक्सेल असेल, तर दोन मीटरवरची वस्तू दोन फोटोंत ४२ पिक्सेलने सरकलेली दिसते, दहा मीटरवरची जेमतेम ८.४ ने. जुळवताना एका पिक्सेलची चूक झाली तर दोन मीटरवर सुमारे ५ सेंटीमीटरचा फरक पडतो. दहा मीटरवर तो सव्वा मीटरच्याही पुढे जातो. स्टिरिओ कॅमेरा लांबच्या वस्तूंना का फसतो, ते या दोन ओळींत आलं.

या सगळ्यासाठी वाचायला रिचर्ड स्झेलिस्की यांचं 'कॉम्प्युटर व्हिजन: अल्गोरिदम्स अँड ॲप्लिकेशन्स' घ्या. २०२२ ची दुसरी आवृत्ती लेखकाने वाचकांच्या वैयक्तिक वापरासाठी नेटवर मोफत ठेवली आहे. ते सलग वाचायचं पुस्तक नाही, विषय निवडून प्रकरण वाचावं. ऐकायचं असेल तर कोलंबिया विद्यापीठाचे श्री के. नायर यांची 'फर्स्ट प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर व्हिजन' ही व्याख्यानमाला यूट्यूबवर आहे. कॅमेरा आणि भूमिती इतकं स्वच्छ समजावलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. परीक्षेच्या अंगाने एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचे आयआयटी खरगपूर आणि आयआयटी हैदराबादचे कोर्स सोयीचे पडतात.

न्यूरल नेटवर्क: देवनागरी अक्षरांवर शिका

२०१२ साली इमेजनेट या फोटो ओळखण्याच्या स्पर्धेत ॲलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कने पहिल्या पाच अंदाजांतली चूक १५.३ टक्क्यांवर आणली. दुसऱ्या क्रमांकाची पद्धत २६.२ वर होती. त्यानंतर सगळा विषयच त्या दिशेने वळला. तुम्हीही आता वळा, पण एमनिस्ट या नेहमीच्या डेटासेटमधले इंग्रजी आकडे घेण्याऐवजी देवनागरी हस्ताक्षरांचा डेटासेट घ्या. नेपाळच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात ९२ हजार चित्रं आहेत आणि ४६ वर्ग: ३६ अक्षरं आणि १० अंक. प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ पिक्सेलचं. प्रशिक्षणासाठी ७८,२०० आणि चाचणीसाठी १३,८००.

पायटॉर्च या लायब्ररीत छोटं नेटवर्क बांधा: दोन कन्व्होल्यूशन (सोबेलसारखेच फिल्टर, पण त्यांचे आकडे नेटवर्क स्वतः शिकतं), प्रत्येकानंतर पूलिंग (चित्र लहान करणं) आणि शेवटी दोन फुली कनेक्टेड थर (प्रत्येक आकडा प्रत्येक न्यूरॉनला जोडलेला). चालवण्याआधी प्रत्येक थरातले पॅरामीटर (शिकायचे आकडे) कागदावर मोजा. ३ बाय ३ चे १६ फिल्टर, आत येणारा थर एक, म्हणजे १४४ वजनं आणि १६ बायस, एकूण १६०. तेच ३२ बाय ३२ चं चित्र थेट १०० न्यूरॉन्सना जोडलं असतं तर १,०२,५०० लागले असते. कन्व्होल्यूशन का वापरायचं, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. उरलेलं निम्मं म्हणजे अक्षर थोडं सरकलं तरी तोच फिल्टर तिथेही कामाला येतो.

मग तीन तपासण्या, याच क्रमाने. पहिली: प्रशिक्षण सुरू होण्याआधीचा लॉस (उत्तर किती चुकलं त्याचं माप) बघा. ४६ वर्ग आणि नेटवर्कला काहीच माहिती नाही, तर तो ४६ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतका, म्हणजे ३.८३ च्या जवळपास हवा. भलताच असेल तर लेबलं, सॉफ्टमॅक्स (नेटवर्कच्या आकड्यांवरून प्रत्येक वर्गाची शक्यता काढणारी पायरी) किंवा सुरुवातीची वजनं यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. दुसरी: फक्त ३२ चित्रांची एक बॅच घेऊन नेटवर्कला ती पाठ करायला लावा. लॉस शून्याजवळ गेला नाही, तर पूर्ण डेटावर तास घालवून उपयोग नाही, बग आधी शोधा. तिसरी: लर्निंग रेट (दर पावलाला वजनं किती बदलायची ते) ०.१, ०.०१ आणि ०.००१ असे तीन घेऊन तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा.

एवढं नीट केलंत तर ॲक्युरसी ९८ टक्क्यांच्या आसपास सहज जाते. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

घरच्यांकडून, मित्रांकडून कोऱ्या कागदावर अक्षरं लिहून घ्या, फोनने फोटो काढा आणि मॉडेलला द्या. ॲक्युरसी गडगडेल. का, ते शोधा. डेटासेटमधली अक्षरं काळ्यावर पांढरी आहेत, तुमची पांढऱ्यावर निळी. तिथे अक्षर २८ बाय २८ च्या चौकटीत मधोमध बसवून भोवती दोन पिक्सेलची मोकळी जागा ठेवलेली आहे, तुमचं अक्षर कोपऱ्यात. पेनाची जाडी वेगळी, कागदावर हाताची सावली. एक-एक कारण दूर करत जा आणि प्रत्येक वेळी आकडा किती चढला ते लिहून ठेवा.

तरीही आकडा एका पातळीपुढे सरकणार नाही. चुकलेली चित्रं एका पानावर मांडली की कारण दिसेल: 'ळ'. नेपाळच्या त्या ३६ अक्षरांत ळ नाहीच. आजोबांनी लिहिलेला ठसठशीत ळ मॉडेल दुसरंच कुठलं तरी अक्षर म्हणून सांगतं आणि बऱ्याचदा छातीठोकपणे सांगतं, कारण सॉफ्टमॅक्सला ४६ पैकीच एक उत्तर द्यायचं असतं. "हे मला माहीत नाही" असा पर्याय त्याला दिलेलाच नाही. मराठी वळणाचे ल आणि श यांच्याकडेही लक्ष द्या, तिथेही गोंधळ दिसेल. डेटा कुठून आला, कोणी लिहिला आणि त्यात काय नाही, हे प्रश्न विचारायला शिकवण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही. ळ ची चित्रं स्वतः जमवा, ४७ वा वर्ग जोडा आणि पुन्हा प्रशिक्षण द्या.

मोठ्या नेटवर्कांपैकी सुरुवातीला रेसनेट पुरे. २०१५ च्या त्या पेपरात १५२ थरांपर्यंतची नेटवर्कं होती, तुम्ही रेसनेट-१८ घ्या आणि आधीच शिकवलेल्या वजनांवरून पुढे शिकवा. मधले थर ओलांडून मागचा थर पुढच्या थराला थेट जोडल्याने काय साधतं, ते जोडणी काढून टाकून बघा. ट्रान्सफॉर्मरकडे (मुळात वाक्यं वाचण्यासाठी बनलेल्या नेटवर्ककडे) त्यानंतर जा. २२४ बाय २२४ चं चित्र १६ बाय १६ च्या १९६ तुकड्यांत कापून ते तुकडे वाक्यातल्या शब्दांसारखे वाचायचे, ही २०२० ची मूळ कल्पना तोवर सोपी वाटेल.

मोजमाप: ९९ टक्क्यांवर विश्वास ठेवण्याआधी

लेखाच्या सुरुवातीला एक्स्टर्नलनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आयओयू (इंटरसेक्शन ओव्हर युनियन). खरी चौकट आणि मॉडेलची चौकट यांचा सामाईक भाग भागिले दोघींनी मिळून व्यापलेला भाग. १०० बाय १०० च्या दोन चौकटी घ्या आणि एक ५० पिक्सेलने बाजूला सरकवा. आयओयू किती? बरेच जण ०.५ म्हणतात. सामाईक भाग ५,०००, एकूण व्याप १५,०००, म्हणजे उत्तर ०.३३. नेहमीची ०.५ ची अट लावली तर ही चौकट चुकीची ठरते. प्रिसिजन (दाखवलेल्यांपैकी किती बरोबर), रिकॉल (असलेल्यांपैकी किती सापडल्या) आणि या दोन्हींवरून काढलेली सरासरी, एमएपी, त्यावरच उभे आहेत. दहा-बारा चौकटींवर एमएपी एकदा हाताने काढा.

दुसरी गोष्ट डेटाच्या वाटणीची. आपल्याकडे पिकांच्या रोगांवर बरेच बीई प्रोजेक्ट होतात आणि त्यांत प्लांटव्हिलेज हा डेटासेट ठरलेला असतो: ५४ हजारांवर पानांचे फोटो, ३८ वर्ग. २०१६ च्या मूळ अभ्यासात त्यावर ९९.३५ टक्के ॲक्युरसी आली. त्याच अभ्यासात वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तीच मॉडेलं तपासली, तेव्हा ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. पानं तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेले होते. पुढे एका संशोधकाने पान पूर्ण वगळून, पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं आणि तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली! रोगाचा पत्ता नसताना.

म्हणून नाशिकच्या द्राक्षांवर किंवा विदर्भातल्या कापसावर प्रोजेक्ट करायचा असेल, तर शेतात जाऊन फोटो काढा. सकाळचे, दुपारचे, ढगाळ दिवसाचे, धूळ बसलेल्या पानांचे. आणि वाटणी फोटोनिहाय करू नका, शेतनिहाय करा. एका झाडाचे दहा फोटो प्रशिक्षणात आणि अकरावा चाचणीत गेला, तर ती चाचणी झाली असं म्हणता येत नाही. व्हिडिओतल्या फ्रेम्सनाही हाच नियम आणि एक्स-रेमध्ये वाटणी रुग्णनिहाय.

माणसांच्या चेहऱ्यांवर काम करायचं असेल तर आणखी जपून. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ती जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. सरासरी आकड्यात हे दिसलं नसतं. कॉलेजच्या गेटवरची हजेरी यंत्रणा बनवणाऱ्यांनी प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी आणि निकाल गटवार मांडावेत.

प्रोजेक्टचा विषय

जुन्या मराठी पुस्तकाचं फोनने काढलेलं पान वाचायला घ्या. खर्च शून्य आणि या लेखातलं बरंचसं त्यात येतं. पानावर सावली असेल तर ओत्सूच्या पद्धतीने पूर्ण पानाला काढलेला एकच थ्रेशोल्ड अर्धं पान काळं करतो, म्हणून प्रत्येक भागाला त्याचा वेगळा थ्रेशोल्ड लागतो. पान तिरकं असेल तर ते −५ ते +५ अंशांत अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवून बघा. प्रत्येक आडव्या ओळीतले काळे पिक्सेल मोजा. पान सरळ झालं की शिरोरेघांमुळे त्या आलेखाला टोकदार शिखरं येतात आणि आकड्यांचा चढउतार सर्वांत मोठा होतो. देवनागरीची ही सोय रोमन लिपीला नाही.

अक्षरं सुटी करताना मात्र तीच शिरोरेघ आडवी येते. ती पुसली की बहुतेक अक्षरं मोकळी होतात, पण ग, ण आणि श यांचे दोन-दोन तुकडे पडतात, कारण त्यांचा काना बाकीच्या अक्षराला शिरोरेघेनेच जोडलेला असतो. वेलांटी आणि मात्रा वर राहतात, उकार खाली. कोणता तुकडा कुणाचा हे ठरवायचे नियम तुम्हालाच लिहावे लागतात. शेवटी टेसरॅक्ट या अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं मराठी मॉडेल त्याच पानावर चालवून तुलना करा.

संगणक, पेपर आणि पुढची वाट

ग्राफिक्स कार्डाचा महागडा लॅपटॉप घ्यायला घरच्यांना भरीला पाडू नका. निम्मा अभ्यास साध्या लॅपटॉपवर होतो. नेटवर्कसाठी कोलॅब आणि कॅगल या संकेतस्थळांचे मोफत जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) पुरतात. सेशन मधेच तुटतं, म्हणून प्रत्येक इपॉकनंतर (पूर्ण डेटाच्या एका फेरीनंतर) वजनं ड्राइव्हवर साठवा.

पेपर वाचायला आठव्या-नवव्या आठवड्यात सुरुवात करा. सीव्हीपीआर, आयसीसीव्ही या परिषदांचे पेपर नेटवर मोफत आहेत. आधी आकृत्या आणि तक्ते बघा, मग पद्धत वाचा, शेवटी गणित. एका सेमिस्टरमध्ये चार पेपर नीट वाचून त्यातला एक स्वतः चालवून बघितला तरी भरपूर झालं. भारतात आयसीव्हीजीआयपी ही परिषद आहे, तिथले पेपर विद्यार्थ्यांना जास्त जवळचे वाटतात.

एमटेकसाठी गेटचा कॉम्प्युटर सायन्सचा पेपर आहेच. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही सुरू झाला आहे. संशोधनाकडे ओढा असेल तर आयआयटी मुंबई, बंगळुरूची आयआयएससी, हैदराबादच्या ट्रिपल आयटीमधलं सीव्हीआयटी हे व्हिजनचं केंद्र आणि कोलकात्याच्या आयएसआयमधला (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधला) व्हिजनचा विभाग यांच्या पानांवर कोण कशावर काम करतं ते बघा. सीव्हीआयटीने भारतीय रस्त्यांचा आयडीडी हा डेटासेट उभा केला आहे: १० हजार फोटो, ३४ वर्ग. इंटर्नशिप मागण्याआधी अशा डेटासेटवर काहीतरी छोटं करून ठेवा.

प्राध्यापकांना लिहायचा ईमेल दहा ओळींच्या वर नको. त्यांचा कोणता पेपर वाचलात, त्यातलं काय चालवून बघितलंत आणि कुठे अडलात, एवढंच लिहा आणि कोडची लिंक द्या. लिंक उघडल्या उघडल्या वर दिसू द्या तो प्रोजेक्ट काय करतो हे सांगणारा एक परिच्छेद, चालवायची आज्ञा आणि मॉडेलने चुकवलेल्या दहा-बारा फोटोंचा तक्ता, प्रत्येकाखाली ते का चुकलं असावं याच्या एका ओळीसकट.